पॅट्रिक गेडेस : नकाशा काढण्याआधी गल्ली फिरणारे गुरुजी



आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते आपल्या जिल्ह्याचे नाहीत, आपल्या देशाचेही नाहीत. स्कॉटलंडचे. पण वयाच्या साठाव्या वर्षी ते भारतात आले आणि 1914 ते 1924 या दहा वर्षांतला बराचसा काळ इथेच राहिले. सुमारे पन्नास शहरं त्यांनी पायी फिरून पाहिली आणि त्यांचे अहवाल लिहिले. ठाण्याचा लिहिला, इंदूरचा लिहिला, आपल्या नागपूरचाही लिहिला. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता (गडचिरोली वेगळा व्हायला 1982 साल उजाडलं) आणि प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे एका अर्थाने ते आपल्या दारापर्यंत येऊन गेले.

डी.एड.ला आपल्याला फ्रोबेल भेटतात, माँटेसरीबाई भेटतात, गिजुभाई भेटतात. पॅट्रिक गेडेस मला तरी भेटले नव्हते. घरं आणि शहरं आखायला शिकणाऱ्या मुलांना त्यांचं नाव माहीत असतं. पण मला विचाराल तर ते आधी शिक्षक होते आणि मग नगररचनाकार. घर किंवा शाळा कशी असावी हे शिकायचं असेल तर पहिला धडा तिथे राहणाऱ्या माणसाकडून घ्यायचा, कागद-पेन्सिल त्यानंतर, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा विषय आपल्या भागात किती जवळचा आहे ते बघा. गावात घरकुल येतं. पंचवीस चौरस मीटरचं, पक्कं. घर मिळालं ही आनंदाची गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण कितीतरी गावांत असं दिसतं की घरकुलात धानाची पोती आणि अवजारं ठेवलेली, आणि माणसं मात्र मागच्या मातीच्या, कवेलूच्या घरातच झोपतात. का? उन्हाळ्यात स्लॅबखाली जीव राहत नाही. धानाची ढोली ठेवायला जागा नाही. सपरी नाही, म्हणजे पाहुणा आला तर बसवायचं कुठं? मोहफूल वाळवायचं कुठं, बकऱ्या बांधायच्या कुठं? या प्रश्नांची उत्तरं त्या घरच्या बाईला पाठ होती. नकाशा काढणाऱ्यापर्यंत ती पोचली नाहीत, कारण तिला कुणी विचारलंच नाही. हे डोळ्यांपुढे ठेवून गेडेस यांचं आयुष्य वाचा.

त्यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावचा. वडील सैन्यात होते. पुढे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर एका साध्या घरात राहायला आलं. पॅट्रिक हे शेंडेफळ. वडील त्यांना बागेत घेऊन जायचे, बटाटे लावायला शिकवायचे, टेकडीवरून खालची नदी, शेतं आणि शहर दाखवायचे. एका नजरेत नदी, शेत, गाव आणि गावातली माणसं दिसणं ही त्यांची पहिली शाळा. पुढे आयुष्यभर ते कुठल्याही गावात गेले की आधी उंच जागा शोधायचे, तिथून सगळं बघायचे आणि मग गल्लीत उतरायचे.

शाळा संपल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. मन रमलं नाही. मग घरीच रसायनशास्त्राचे प्रयोग, भूगर्भशास्त्र आणि सुतारकाम सुरू झालं. हो, सुतारकाम. रंधा मारणाऱ्या हाताला जे कळतं ते पुस्तकाला कळत नाही हे त्यांनी विशीच्या आतच ओळखलं होतं. एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेले आणि आठवडाभरात तिथून बाहेर पडले. मग लंडनला टी. एच. हक्सली या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. गंमत म्हणजे त्यांनी विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही आणि तरी पुढे ते दोन विद्यापीठांत प्राध्यापक झाले. (आजकाल हे जमणार नाही, हेही मुलांना सांगून ठेवावं लागतं!)

1879 साली ते मेक्सिकोत नमुने गोळा करायला गेले आणि तिथे त्यांच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवलं. पंचविशीतला, सतत फिरणारा, पाहण्यावर जगणारा माणूस कित्येक आठवडे अंधारात. हात फिरवता फिरवता त्यांना खिडकीच्या तावदानांचे चौकोन लागले. एकेका चौकोनात एकेक विचार ठेवायचा आणि शेजारच्या चौकोनाशी त्याचं नातं शोधायचं, असा खेळ त्यांनी सुरू केला. कागदाच्या घड्या घालून विचार मांडायची सवय त्यांना तिथून लागली. डोळे सुधारले, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणं आता शक्य नव्हतं. मग पेशीऐवजी ते समाजाकडे वळले.

फ्रान्समध्ये असताना त्यांना ल प्ले या अभ्यासकाचे विचार भेटले होते. जागा, काम आणि माणसं या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय समाज कळत नाही, हे सूत्र गेडेस यांनी त्यांच्याकडून घेतलं. आपल्या भाषेत सांगायचं तर एटापल्लीच्या जंगलातलं घर, वैनगंगेच्या काठच्या ढिवराचं घर आणि चंद्रपुरात खाणीवर कामाला जाणाऱ्याचं घर एकसारखं असू शकत नाही. जागा वेगळी, काम वेगळं, म्हणून दिवस वेगळा आणि म्हणून घर वेगळं. एकाला जाळं वाळवायचंय, एकाला रात्रपाळी करून दिवसा झोपायचंय.

आता त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

1886 साली त्यांचं ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झालं. लग्नानंतर नवं जोडपं चांगल्या वस्तीत घर घेतं. या दोघांनी एडिंबरोच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा वस्तीत बिऱ्हाड केलं. उंच, अंधाऱ्या, गर्दीने भरलेल्या इमारती, मधल्या चौकात घाण, जिन्यात दुर्गंधी. श्रीमंत लोक केव्हाच तिथून उठून नव्या शहरात गेले होते. गेडेस यांनी तिथे भाषणं दिली नाहीत. हातात चुन्याची बादली घेतली आणि आपल्या दाराबाहेरची भिंत रंगवायला लागले. खिडकीत फुलांच्या पेट्या ठेवल्या. आधी शेजाऱ्यांना नवल वाटलं, मग एकेक जण हात लावायला आला. चौक साफ झाला. कुठली खोली पाडायची म्हणजे उजेड येईल, कुठली भिंत ठेवायची, हे तिथे राहूनच ठरत गेलं. ॲना या संगीत जाणणाऱ्या होत्या, आणि वस्तीतल्या बायका-मुलींशी जोडलं जाणं हे काम त्यांच्याशिवाय झालं नसतं. चरित्रांमध्ये त्यांच्या वाट्याला फार कमी ओळी येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्याच सुमारास गेडेस यांनी जुनी घरं दुरुस्त करून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. वसतिगृहाला वॉर्डन नाही! नियम विद्यार्थ्यांनी करायचे, खर्च विद्यार्थ्यांनी सांभाळायचा. आश्रमशाळा आणि वसतिगृहं असलेल्या आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट थांबून वाचण्यासारखी आहे. आमच्याकडची मुलं-मुली वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून वसतिगृहात येतात. खाट कुठं असावी, पेटी कुठं ठेवावी, रात्रीचा दिवा कुठं हवा, हे त्यांना कधी कुणी विचारतं का?

1888 पासून ते डंडीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नोकरीची अट अशी की उन्हाळ्याच्या सत्रात शिकवायचं आणि बाकीचं वर्ष मोकळं. त्या मोकळ्या महिन्यांत त्यांनी एडिंबरोत उन्हाळी शाळा चालवल्या. 1892 साली शहरातला एक उंच मनोरा घेतला आणि त्याला अवलोकन मनोरा म्हणजे आउटलुक टॉवर केलं. पाहुणा आला की त्याला धापा टाकत थेट वरच्या गच्चीवर न्यायचे. तिथे भिंगाच्या साहाय्याने अंधाऱ्या खोलीतल्या गोल टेबलावर शहराचं हलतं चित्र दिसायचं, बाजारातली माणसंसुद्धा. मग एकेक मजला खाली. आधी एडिंबरो शहर, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, मग युरोप आणि तळमजल्यावर सगळं जग. घरापासून जगाकडे. आपल्या तिसरीच्या परिसर अभ्यासात आधी आपला जिल्हा येतो आणि मग राज्य आणि देश, तोच हा क्रम, फक्त दगडी मनोऱ्यात बांधलेला.

शिक्षणात त्यांचा क्रम मन, हात, डोकं असा होता. आधी आवड वाटली पाहिजे, मग हात चालला पाहिजे, मग डोकं आपोआप चालतं. त्यांची लेक नोरा हिने मोठी होऊन हेच काम पुढे नेलं. जुन्या शहरातल्या पडीक, कचऱ्याने भरलेल्या जागांची मोजणी झाली तेव्हा अशा सुमारे दहा एकर जागा निघाल्या. त्यातल्या काहींच्या बागा झाल्या आणि त्या बागा वस्तीतल्या मुलांनी सांभाळल्या. दहा एकर! कुणालाही वाटलं नसतं की एवढ्या दाटीत इतकी जागा असेल. कागदावर ती दिसत नव्हती, फिरल्यावर दिसली.

हळूहळू त्यांनी शहरांविषयीचं मोठं प्रदर्शन तयार केलं. नकाशे, चित्रं, जुनी छायाचित्रं. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना भारतात बोलावलं. 1914 साली महायुद्ध सुरू झालं आणि प्रदर्शनाचं सामान ज्या क्लॅन ग्रँट जहाजावर होतं ते जर्मनीच्या एमडेन या युद्धनौकेने बुडवलं. कित्येक वर्षांची जमवाजमव समुद्रात गेली. गेडेस दुसऱ्या जहाजाने आधीच निघालेले होते. तिकडे मित्रांनी धावपळ करून नव्याने सामान गोळा केलं, इकडे पाठवलं, आणि 1915 च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन उघडलं.

भारतात त्यांची पद्धत साधी होती. पहाटे निघायचं, नगरपालिकेचा नकाशा हातात घ्यायचा आणि गल्ली न् गल्ली पायी फिरायचं. नकाशावर नसलेल्या गोष्टी त्यावर मांडायच्या. झाड, विहीर, देऊळ, पार, ओटा, बायकांची उठण्याबसण्याची जागा, पोरांची खेळायची जागा. त्या काळी इंग्रज अभियंत्यांची रीत वेगळी होती. जुन्या वस्तीवर पट्टी ठेवायची, सरळ रेघ ओढायची, रेघेत येतील ती घरं पाडायची आणि रुंद रस्ता काढायचा. पाडलेल्या घरांतली माणसं कुठं जातील? शेजारच्या गल्लीत, आणखी दाटीने. गेडेस यांनी वेगळा उपाय सांगितला. डॉक्टर जसं सडलेलं तेवढंच कापतो, सगळा पाय कापत नाही, तसं करायचं. आधीच पडलेली दोन-चार घरं काढा, तिथे छोटा चौक होऊ द्या, झाड लावा, विहिरीचा कठडा दुरुस्त करा. हवा खेळती होते, माणसं उठत नाहीत आणि खर्चही खूप कमी येतो. या पद्धतीसाठी ते राखून केलेली शस्त्रक्रिया अशा अर्थाचा शब्द वापरायचे.

तलावांबद्दलचं त्यांचं मत तर आपल्या भागात मोठ्याने वाचून दाखवावं असं आहे. मलेरियाच्या भीतीने तेव्हा शहरातले तलाव आणि विहिरी बुजवायची टूम निघाली होती. गेडेस म्हणायचे की तलाव बुजवू नका, साफ ठेवा. मासे सोडा, बदकं सोडा, डासांच्या अळ्या ते खातील. तलावामुळे हवा थंड राहते, विहिरींना पाणी राहतं आणि लोकांना बसायला जागा मिळते. आपले जिल्हे तलावांचे. गावोगावी मामा तलाव, म्हणजे मालगुजारी तलाव, आणि चंद्रपुरात गोंड राजांच्या काळापासूनचा रामाळा तलाव. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या वेशींच्या आतलं शहर, बाजूने इरई आणि झरपट नद्या. कोट, वेस, तलाव आणि नदी यांचा एकमेकांशी मेळ कसा घातला असेल हे पाहायला गेडेस चंद्रपूरला आले असते तर किती रमले असते, असं मला नेहमी वाटतं.

आणि तुळस! घराच्या अंगणातलं तुळशीवृंदावन बघून ते फार खूष व्हायचे. तुळशीपाशी रोज झाडलोट होते, सडा पडतो, म्हणजे घरच्या बाईने स्वच्छतेची जागा घराच्या मधोमध ठेवली आहे, असा त्यांचा अर्थ. सरकारी स्वच्छता अधिकाऱ्याने या बाईला शिकवण्याआधी तिच्याकडून शिकावं, असा त्यांच्या लिखाणाचा रोख असायचा.

1917 हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष. मोठा मुलगा अलास्डेअर, जो भारतात पहिल्यांदा त्यांच्यासोबत आला होता, एप्रिलमध्ये फ्रान्सच्या युद्धात मारला गेला. इकडे ॲना भारतातच आजारी होत्या. बातमी त्यांना सोसणार नाही म्हणून गेडेस यांनी ती सांगितलीच नाही. मुलाची जुनी पत्रं ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये ॲना कलकत्त्याला वारल्या. मुलगा गेल्याचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि अशा मनःस्थितीतला हा माणूस इंदूरला गेला.

इंदूर म्हणजे होळकरांचं राज्य, मराठी दरबार. तिथे प्लेगची दहशत होती. गेडेस नकाशा घेऊन गल्लीतून फिरायला लागले तसे लोक घाबरले. नकाशावाला साहेब दिसला म्हणजे आपलं घर पाडणार, अशी समजूत. बायका मुलांना आत ओढून घ्यायच्या. ज्यांच्यासाठी आपण काम करतो तेच आपल्याला भितात, हे त्यांना टोचलं. मग त्यांनी दरबाराकडे अजब मागणी केली : मला एक दिवसाचा महाराजा करा. मागणी मान्य झाली.

पुढची हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे, तेव्हा तिच्यात थोडी रंगत भरली गेली असेल हे धरून चाला. दवंडी पिटवली गेली की यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघणार आहे. पण ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यात सगळ्यात जास्त घरं झाडून, डागडुजी करून, रंगवून होतील, त्या मोहल्ल्यातून जाणार. झालं! सगळ्या गावात चढाओढ लागली. घराघरांतला कचरा फुकट उचलायची व्यवस्था केली आणि हजारो गाड्या कचरा निघाला. उंदीर धरले गेले. लोकांनी स्वतःच्या खर्चाने घरं दुरुस्त केली.

दिवाळीला मिरवणूक निघाली. पुढे हत्ती, घोडे. त्यामागे पडक्या, घाणेरड्या घरांचे देखावे, घाणीचा भलामोठा राक्षस आणि प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर. आणि त्यानंतर कोण, तर शहराचे सफाई कामगार. पांढरेशुभ्र कपडे, नव्या पगड्या, झाडूंना फुलांच्या माळा, रंगवलेल्या गाड्या, बैलांची शिंगं रंगवलेली. खुद्द गेडेस यांनीही त्यांच्यासारखीच पगडी घातली होती. मागून लक्ष्मी आली, तिच्यासोबत नव्या शहराचा नकाशा, नव्या घरांच्या प्रतिकृती, ग्रंथालय, नाट्यगृह. मग गवंडी, कुंभार आणि इतर कारागिरांचे रथ. शेवटी फळाफुलांच्या गाड्या आणि घरोघरी वाटायला तुळशीची हजारो रोपं. संध्याकाळी राक्षस आणि उंदीर मैदानात जाळले, आतषबाजी झाली. लोकांची भीती गेली. दुसऱ्या दिवसापासून नकाशावाला साहेब दिसला की लोक आपणहून आपलं घर दाखवायला बोलवायला लागले.

आता इथे आपण शिक्षक म्हणून जरा थांबू. गोष्ट मोठी सुंदर आहे, स्नेहसंमेलनात बसवावी इतकी. पण दोन शंका माझ्या मनात राहतात. एक म्हणजे, त्या सफाई कामगारांचा मान एका दिवसाचा होता. दिवाळी संपली, झाडूवरची माळ सुकली, झाडू हातात राहिलाच. जात त्या मिरवणुकीने हलली नाही. दुसरी शंका, लोकांनी घर सजवलं ते कोणाच्या सांगण्यावरून? एका दिवसाच्या का होईना, महाराजाच्या. लोकांना सामील करून घेणं आणि लोकांना ठरवू देणं यात फरक आहे. गेडेस यांना मराठी, हिंदी किंवा तमिळ येत नव्हतं. ते दुभाष्यांच्या मदतीने बोलायचे. त्यामुळे गल्लीतल्या बाईने काय सांगितलं आणि त्यांच्यापर्यंत काय पोचलं, यातही अंतर असणारच.

तरीही मी त्यांच्या बाजूने उभं राहीन, कारण त्यांनी क्रम बदलला. त्यांच्या आधी माणूस हा नकाशातला अडथळा होता, त्यांनी त्याला सर्वेक्षणातला सांगणारा केलं. तो ठरवणारा व्हायचं काम पुढच्यांचं होतं आणि ते अजून पुरतं झालेलं नाही. आपल्या शाळेची नवी खोली बांधायची असते तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होतो, सह्या होतात. आराखडा मात्र ठरलेलाच असतो. बाला उपक्रमात आपण दाराखाली कोनमापक रंगवतो, पायऱ्यांवर पाढे लिहितो. छान दिसतं. पण कुठल्या पायरीवर बसायला आवडतं हे आधी मुलांना विचारलं तर पाढे कदाचित दुसऱ्याच जागी जातील.

करून पाहण्यासारखं आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना शाळेचा नकाशा काढायला सांगा, पण मोजपट्टी न देता. कुठं सावली असते, कुठं चिखल होतो, कुठं भीती वाटते, कुठं लपायला आवडतं, तेवढंच दाखवायचं. नळाची तोटी पहिलीतल्या मुलांच्या हाताला येत नाही, हे त्यात निघतं. मुलींच्या शौचालयाची कडी आतून लागत नाही म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हेही निघतं. हे कुठल्याही मोजमाप पुस्तिकेत सापडणार नाही. मग पालकसभेत तोच नकाशा भिंतीवर लावा आणि आयांना बोलू द्या. घर शेणाने सारवणारी, कुडाची भिंत लिंपणारी बाई बांधकामातलं पुष्कळ जाणते. माडिया गावांत गोटूल गावानेच बांधलेलं असतं, लाकूड कुठलं घ्यायचं ते मोठी माणसं सांगतात आणि पोरं ते बघत बघत शिकतात. बांधकामाची शाळा आपल्याकडे होतीच, तिला शाळा म्हणायचं राहून गेलं.

इंदूरचा अहवाल 1918 साली दोन मोठ्या खंडांत निघाला. त्यात गटारं आणि रस्ते तर आहेतच, पण एका विद्यापीठाची कल्पनाही आहे. परीक्षेसाठी पाठ करून घेणाऱ्या विद्यापीठांवर त्यात सडकून टीका आहे. शहर हेच विद्यापीठ आणि नागरिक हेच त्याचे विद्यार्थी, असा तो विचार होता.

1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडेस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. व्याख्याते म्हणून मात्र ते अवघडच होते. दाढीतल्या दाढीत बोलायचे, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारायचे, मागच्या बाकावर काहीच पोचायचं नाही. मुलांना घेऊन बाहेर पडले की तोच माणूस उजळून निघायचा. त्यांनी निवडून इंग्लंडला पाठवलेला एक विद्यार्थी म्हणजे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्ये यांनी 1924 पासून तो विभाग सांभाळला आणि पुढे त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या. इरावतीबाई गावोगाव फिरून, लोकांच्या ओसरीवर बसून माणसं समजून घेत राहिल्या.

गेडेस यांच्या भारतातल्या अहवालांचं काय झालं? बरेचसे दप्तरात राहिले. कुठे एखादी बाग झाली, कुठे एखादी गल्ली वाचली. सरळ रेघ ओढणाऱ्यांचीच सरशी झाली म्हणायला हरकत नाही. जेरुसलेममध्ये विद्यापीठाचा आराखडा आणि 1925 साली तेल अवीव शहराचा आराखडा मात्र त्यांच्या हातून झाला, आणि तेल अवीवचा जुना भाग आजही बऱ्याच अंशी त्याच आखणीवर उभा आहे.

तब्येत खचल्यामुळे 1924 मध्ये त्यांनी भारत सोडला. फ्रान्सच्या दक्षिणेला माँपेलिए गावाजवळ खडकाळ, काटेरी झुडपांची एक जागा घेतली आणि सत्तरीत पुन्हा विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधायला काढलं. वर बघायला मनोरा, खाली उतरत गेलेल्या बागा. पैसा कायम कमी पडायचा, बांधकाम कायम अर्धवट असायचं, आणि ते स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन दगड वेचून वाफे करायचे. 1932 च्या सुरुवातीला त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी 17 एप्रिलला, त्या बागेच्या घरातच, त्यांचं निधन झालं. एडिंबरोचा मनोरा अजून आहे. आजही लोक वर चढून जातात आणि अंधाऱ्या खोलीतल्या गोल टेबलावर खालच्या रस्त्याने चाललेली माणसं बघतात.